ध्येयाचा दुसरा खर्डा

मंगळवार, ९ जुलै

ती. दादास,

नमस्कार. तुझी खुशाली नेहमीप्रमाणे वहिनीकडून कळली, म्हणून विचारत नाही. माझी सांगते. नोकरी सोडली. घाबरू नकोस, कोणी काढलं नाही. सोळा वर्षं कंपन्यांमधल्या लोकांना 'आपलं ध्येय कसं लिहावं' हे शिकवून मलाच त्याचा वीट आला.

आता इथल्या हॉस्पिटलच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनवायला शिकणार आहे. दीड वर्षाचा अभ्यासक्रम, जागा फक्त सहा. हसू नकोस. मला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

अर्जासोबत एका पानात स्वतःचं व्यावसायिक ध्येय लिहून मागितलं होतं. म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ. दहा मिनिटांत लिहिलं आणि दोनदा वाचून स्वतःवरच खूश झाले.

मुलाखत कार्यशाळेच्या प्रमुख बाईंनी घेतली. केसांत प्लास्टरची पूड, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी माझा कागद टेबलावर ठेवला आणि शेजारी आणखी तीन मांडले. चारही कागदांचं पहिलं वाक्य एकच: 'सातत्यपूर्ण शिक्षणातून समाजाच्या सर्वांगीण उत्कर्षात मोलाचा वाटा उचलणे.' वरची नावं ओळखीची होती. तिघंही माझ्या वर्गात बसून गेलेले.

"हे कुणाकडून उतरवलंत?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी माझ्याकडून," मी म्हणाले. "आणि मीही माझ्याकडूनच."

बाई हसल्या नाहीत. "ह्यात पाय कुठे आहे?" म्हणाल्या. "शुक्रवारी नवं लिहून आणा. इथे कशाला यायचंय तेवढंच लिहा."

तीन दिवस मी कागद फाडत बसले. कारण काय ते मला पक्कं माहीत होतं, पण लिहायची लाज वाटत होती. आत्ताही बघ, पान भरत आलं तरी मी इकडचं तिकडचंच सांगतेय.

अपघातानंतर तुझा पाय गुडघ्याखालून काढला, त्याला तीन वर्षं झाली. मी भेटायला आले, खिडकीपाशी उभी राहिले आणि पाठमोरीच तुला सकारात्मक विचारांवर व्याख्यान दिलं. तू म्हणालास, "अगं, इकडे बघ तरी." मी घड्याळ बघितलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून सटकले. गाडीला दोन तास होते. त्यानंतर ना तू फोन केलास, ना मी. कृत्रिम पाय टोचतो, जखमा होतात, म्हणून तू तो कपाटावर टाकून दिलास, हेसुद्धा मला वहिनीनेच सांगितलं.

शुक्रवारी मी चारच ओळी लिहून दिल्या: 'माझ्या भावाचा पाय मी आजवर बघितलेला नाही. मला भीती वाटते. मला बघता यायला हवंय, नीट माप घेता यायला हवंय. आणि ज्याला टोचतंय त्याचं निमूटपणे ऐकून घेता यायला हवंय.'

बाईंनी वाचलं आणि 'निमूटपणे'खाली पेन्सिलीने रेघ मारली. "हे तुम्हाला सगळ्यात जड जाणार," म्हणाल्या, आणि खुंटीवरचा एक जुना अ‍ॅप्रन काढून माझ्या हातात दिला.

दादा, मी बाहेर पायरीवर बसून एकटीच हसत सुटले. येणारेजाणारे बघत होते. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग कडकडून भूक लागली.

वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतील. त्याआधी ह्या रविवारी सकाळी मी तुझ्याकडे येतेय. मला अजून काहीच येत नाही, तेव्हा पाय दुरुस्त करून मिळेल ह्या भ्रमात राहू नकोस. दाखवायचा नसेल तर दाखवू नकोस. तीन वर्षांचा राग साठला असेल तर आधी तो काढ. मी समोर बसेन, तुझ्याकडे तोंड करून, आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही.

घाबरत घाबरत का होईना, पण नक्की येणारी,
तुझी धाकटी बहीण