रांगत्या बाळाचा साबण

३ जून, सोमवार
सूनबाई पुढच्या सोमवारपासून कामावर रुजू. बाळ माझ्याकडे की पाळणाघरात, हे रविवारी ठरणार. पाळणाघरवाली बाई टपूनच बसली आहे. सूनबाई म्हणाली, "आई, बाटल्या धुवायचा साबण तुम्हीच बघा. बाळाला चालणारा आणि खिशाला परवडणारा." म्हणजे परीक्षाच. पण आपल्याला कसली भीती! उद्या दुपारपर्यंत साबण घरात. मी सांगते आहे, हे लिहीत आहेत. अक्षरं मी शिकले नाही, कारण कधी अडलंच नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही, असं यांना बजावलं आहे.

४ जून
काम फत्ते. दुकानदाराने आधी एक बोटाएवढी बाटली दाखवली. किंमत अशी, की बाळाने दूधच सोडलेलं बरं. मग मीच फळी न् फळी पाहिली. खाली कोपऱ्यात होती! हातभर उंच, अर्ध्या किमतीत, आणि वर गुटगुटीत बाळ, चक्क रांगतंय. आणखी काय लिहायचं राहतं? यांनी विचारलं, "साबणाचं नाव काय?" म्हटलं, नाव घालू नका, फुकट जाहिरात होते. "दाखव तरी." दाखवली नाही. ओट्याखाली ठेवली आहे. तिथे हे जन्मात वाकलेले नाहीत.

५ जून, सकाळी
माझा नियम पक्का. नवी वस्तू आधी आपल्या तोंडाला, मग लेकराच्या. म्हणून चार दिवस फक्त आमचे दोन कप या साबणाने. बाळाच्या बाटल्या तोवर सूनबाईच उकळते आहे. फेस बेताचा. चांगला माल मिरवत नाही.
चहाला किंचित वास. दूध उतरलं असणार.

५ जून, संध्याकाळी
दुसरं दूध आणलं. वास तोच. म्हणजे चहापूड. हे म्हणाले, "अगं, चहात लिंबू पिळलंस का?" यांच्या जिभेचा काही भरवसा नाही. लग्नानंतर वर्षभर माझ्या आमटीला कढी म्हणत होते.

७ जून
चहापूड बदलली. कप सहा पाण्यांनी धुतले. आज यांनी ढेकर दिला तर खोलीभर सुगंध. इतका टिकाऊ वास स्वस्तातल्या साबणाला असतो का? मी म्हणते, निवड असावी तर अशी. यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मी उचलून परत हातात दिलं.

८ जून
शेजारीण आली. यांच्या कपात चहा दिला. एक घोट घेऊन तिने खाली पाहिलं आणि म्हणाली, "आत्ताच फरशी पुसलीत वाटतं?" माझं घर इतकं स्वच्छ दिसतं, हे परक्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं. उद्या बाळाच्या बाटल्यांना मुहूर्त.

९ जून, रविवार
ब्रश शोधायला सूनबाई ओट्याखाली वाकली. बाटली घेऊन उठली. वाचली. परत वाचली. चेहरा पांढराफटक. "आई, हे फरशी पुसायचं आहे. बाळ रांगतं त्या फरशीसाठी. किती बाटल्या धुतल्यात याने?"
म्हटलं, एकही नाही. आमचे दोन कप तेवढे. आधी आपल्या तोंडाला.
ती मटकन खालीच बसली. मला वाटलं रडते आहे, तर हसत होती. हे आतून ओरडले, "तरी म्हटलं, माझं पोट इतकं लख्ख कसं!"
मग तिने पाळणाघराला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. मला म्हणाली, "स्वतः आधी चाखून बघणारं माणूस तिथे कुठे मिळणार? फक्त पुढची बाटली मला दाखवून घ्या."
साबण कुठला ठरला? बेसिनपाशी वर्षभर पडलेला, बिनवासाचा, भांड्यांचाच. थेंबभर घ्यायचा, बुळबुळ जाईपर्यंत खळखळून धुवायचं, मग उकळायचं. तो मागे मीच आणला होता, तेव्हा निवड माझीच म्हणायची. हातभर बाटली आता संपवायला हवी, म्हणून फरशीही माझ्याकडे आली.
त्या बाटलीवर यांनी कागद चिकटवला आहे. अक्षरं नाहीत, माझ्यासाठी खास चित्र. फरशी, पोछा, आणि बाजूला कप धरून बसलेले हे. वाचता येत नसलं, तरी तोंडातून बुडबुडे निघताहेत एवढं मला कळलं.