गारफिल्डचा डाव

२ सप्टेंबर १९८४, रविवार
सोसायटीच्या चेअरमनची बदली झाली. खुर्ची रिकामी, नवा महिनाअखेरच्या सभेत निवडायचा. अख्ख्या वाशीत त्या खुर्चीला माझ्याइतका लायक माणूस नाही. पण बिल्डिंगभर नाव मधुकररावांचं. का? तर त्यांच्याकडे कलर टीव्ही आहे आणि ते लिंकन वाचतात. लिंकन काय, कुणीही वाचतो. मला त्यांचा हेवा अजिबात वाटत नाही. झोप तेवढी लागत नाही.

५ सप्टेंबर
फोर्टच्या फूटपाथवर तीन अमेरिकन प्रेसिडेंटांची चरित्रं घेतली. हॅरिसन, फिलमोर, गारफिल्ड. इथे कुणी नावंसुद्धा ऐकलेली नसणार. सुमेधा म्हणाली, येताना दळण आणायचं होतं.

९ सप्टेंबर
हॅरिसन थंडीत कोट न घालता तासन्‌तास भाषण करत राहिला. महिनाभरात गेला. धडा: सभेला स्वेटर घालायचा.
जिन्यात मधुकररावांना फिलमोरबद्दल विचारलं. त्यांना ठाऊक नव्हता. मलाही बाराव्या पानापुढचा ठाऊक नाही, पण ते त्यांनी कुठे विचारलं?

१६ सप्टेंबर, संध्याकाळ
फिलमोर सोडला. माणसात दम नाही. मधुकररावांनी सगळ्यांना टीव्हीवरच्या सिनेमाला बोलावलंय. सुमेधा गेली. मी तत्त्व म्हणून घरी. भिंतीतून गाणी नीट ऐकू येत नाहीत.

२० सप्टेंबर
सापडलं! गारफिल्ड पक्षाच्या अधिवेशनात दुसऱ्याचं नाव सुचवायला उभा राहिला आणि शेवटी लोकांनी त्यालाच उमेदवार केलं. आपणही मधुकररावांचं नाव सुचवायचं. मनाचा मोठेपणा बघून लोक म्हणतील, अहो, तुम्हीच व्हा.
पंढरीशेठ मूळचे जवळच्या सारसोळे गावचे, आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचे दोन फ्लॅट. त्यांना आडून विचारलं. म्हणाले, तुमी बोला, आमी हाय. म्हणजे पक्कं.
पुढे गारफिल्डला गोळी घातली म्हणे. ती पानं वाचणार नाही. आपलं काम निवडणुकीपुरतं.

३० सप्टेंबर, रविवार, सभेनंतर
स्वेटरमध्ये घामाघूम झालो, पण बोललो अप्रतिम. मधुकररावांचे इतके गुण सांगितले की माझाच जळफळाट झाला. मग थांबलो. लोकांना वेळ दिला. पंढरीशेठ उठले आणि चहा आला का बघायला गेले. शेवटी मागून सुमेधा उभी राहिली. वाटलं, चला, घरचं माणूस कामाला आलं. ती म्हणाली, अनुमोदन.
मधुकरराव एकमताने चेअरमन.
घरी आल्यावर तिला जाब विचारला. म्हणाली, लग्नाला अठरा वर्षं झाली, आज पहिल्यांदा तुम्ही दुसऱ्याबद्दल चांगलं बोललात. ते वाया कसं जाऊ द्यायचं?