बाटलीवरची टिकली

सोलापूर,
बुधवार

प्रिय महेश्वरी,

तुला आणि तुझ्या पोटातल्याला अव्वाचा आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कसलं, म्हणून हसू नकोस. मी फोन उचलला की तुझे अप्पा शेजारी येऊन बसतात, आणि जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर बोलता येत नाही. मी लई घाबरलेय गं.

पहिल्या बाळंतपणाला लेक आपल्याच गाडीतून माहेरी आणायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलंय. तुझ्या सासऱ्यांनी सहज विचारलं, आमची गाडी पाठवू का. तेच यांना लागलं. आणि आपल्या गाडीतलं इंजिन गार ठेवायचं ते हिरवं पाणी, कूलंट, कुठं जातंय कळत नाही. रोज सकाळी इंजिन गार असताना हे त्या पाण्याची बॉनेटखालची बाटली भरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. खाली एक थेंब सांडलेला नाही. बाटली पांढरी, पातळी बाहेरून दिसते की, म्हणून मी भरल्या जागी माझी टिकली चिकटवली. हे म्हणाले, गाडीला सवाष्ण केलीस व्हय! हसू दे. मी रोज वाकून बघते, पाणी टिकलीच्या खालीच.

मेकॅनिक सोमलिंगनं स्पष्ट सांगितलं, पाणी आत इंजिनात जातंय, मागून पांढरा धूर येतोय, खोलून बघितल्याशिवाय लांब नेऊ नका. यांना वाटतं, तो पैशासाठी उगाच काम काढतोय. कुण्या ट्रकवाल्याचं ऐकून यांनी रेडिएटरमध्ये हळद टाकली, माझ्या मसाल्याच्या डब्यातली! म्हणे गळती बुजते. मी म्हटलं, अहो, गळती बाहेर दिसतच नाही, तर हळद बुजवणार काय?

परवा वळसंग गावाच्या अलीकडे इंजिन तापल्याचा काटा लालात गेला. मी शेजारीच होते. गार होऊ द्या म्हणून ओरडले, पण ऐकतील ते तुझे अप्पा कसले! पोत्याचा तुकडा धरून रेडिएटरचं टोपण फिरवलं आणि उकळतं पिवळं पाणी उसळून वर आलं. तोंड वाचलं, देवाची कृपा. हात कोपरापर्यंत भाजला. त्यावरही हळदच लावली बघ. मी रस्त्याच्या कडेला उभी, आणि डोळ्यांसमोर तू. आठवा महिना, भर उन्हात, त्याच गाडीच्या मागच्या सीटवर.

अडवलं तर म्हणतात, तुला गाडीतलं काय कळतंय. उद्या सकाळी निघणारच. मला सोबत नेत नाहीत. तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळायला घरी कुणीतरी पाहिजे म्हणे.

म्हणून हे पत्र पिशवीत गुंडाळून शेंगाचटणीच्या डब्यात तळाला घातलंय, आणि डबा त्यांच्याच हाती देतेय. अप्पा आल्या आल्या डबा उघड, एवढंच फोनवर सांगेन. तू हे वाचत असशील, म्हणजे ते सुखरूप पोचले. आधी मला एक मिस कॉल दे, मी देवापुढं बसलेली असेन. मग त्यांना म्हण, अप्पा, गाडीत मला मळमळतंय, मी रेल्वेनंच येणार, आणि तुम्ही माझ्याजवळ बसायचं. माझं ऐकत नाहीत, तुझा शब्द मोडत नाहीत. त्यांना एकट्यालाही त्या गाडीत बसू देऊ नकोस गं. राहू दे गाडी तुझ्या सासरी दुधनीतच. भाकरतुकडा घेऊन मी स्टेशनवरच उभी राहते.

तुझीच, वाट बघणारी
अव्वा