चार वाजताच्या बोटीचे गुणदोष

४ जानेवारी, रविवार
तनयने लिंक पाठवली. ‘चार वाजताची बोट’. नॉर्वेचा सिनेमा, प्रेमकथा, गाणी भरपूर, बजेट नाही. शनिवारी, सतरा तारखेला, फिल्म क्लबमध्ये दाखवणार आहेत. क्लब तोच चालवतो. सभासदांना आधी पाठवायला गुणदोषांचं एक पान हवं आहे. म्हणाला, तुझ्याइतकं काटेकोर कुणी लिहीत नाही. मी अंबडच्या फॅक्टरीत क्वालिटीला आहे, हे त्याच्या लक्षात आहे. फक्त नोंद करून ठेवते. त्याचा बाकी अर्थ काही नाही.

५ जानेवारी
पाहिला. सिग्रिड बोटीवर तिकिटं तपासते. युनास अकॉर्डियन घेऊन रोज चारच्या बोटीने येतो. तो नसला की ती केबिनचं दार लावून त्याच्यासाठी गाते. तो समोर आला की म्हणते, “तिकीट.” शेवटी खाडीवर पूल होतो आणि बोट बंद होते.
दोष: गर्दी म्हणून सगळीकडे तीच पाच-सात माणसं. पिवळ्या रेनकोटवाला धक्क्यावर आहे, चर्चमध्ये आहे, बोटीवरही आहे. एका शॉटमध्ये बर्फ, पुढच्यात रस्ता कोरडा. एका गाण्यात भिंतीवर माईकची सावली. वरच्या पट्टीत नायिकेचा आवाज फाटतो. सगळ्यात मोठा दोष: चांगली कमावती बाई, आणि एक वाक्य बोलत नाही. अजिबात पटत नाही.
निकाल: रिजेक्ट.

७ जानेवारी
तनय कॉलेज रोडला भेटला. कामासाठीच. माझे दोष वाचून हसला. म्हणाला, “अगं, नुसतं हे पाठवलं तर हॉलमध्ये तू आणि मी, दोघंच बसू.” या शक्यतेवर मी मत दिलं नाही. चहा त्याने सांगितला. माझ्यात साखर कमी, तेही मला न विचारता.
घरी येऊन सिनेमा पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी हेडफोन नीट नसावेत.

८ जानेवारी
पहिल्या तपासणीत चूक होती. गाणी स्टुडिओतली नाहीत, जागेवर गायलेली आहेत. वारा ऐकू येतो, इंजिनाची घरघर येते, जिना चढून आल्यावरचा तिचा दम येतो. आवाज फाटला तिथे दुसऱ्या कुणीही पुन्हा गाऊन घेतलं असतं. यांनी तसाच ठेवला. पैसे नसतील म्हणूनही असेल, पण ठेवला. त्या क्षणी तिच्याजवळ तेवढाच आवाज उरलेला असतो. हे गुणांत घेतलं.
पिवळा रेनकोटही गुणांत. गाव लहान आहे, तीच माणसं दिसणार.
माईकच्या सावलीबद्दल निर्णय राखून ठेवला आहे.

१० जानेवारी
आईने पुन्हा देवळ्याच्या स्थळाचा विषय काढला. योगेश, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. फोनवर दोनदा बोललो, सरळ माणूस आहे. त्यांना उत्तर हवं आहे. मी सतरापर्यंत थांब म्हटलं. सतराला काय, असं तिने विचारलं. सिनेमा, मी सांगितलं. मग तिने सिनेमावाल्याचं आडनाव विचारलं. तेही सांगितलं. “बरं,” म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. नेहमीपेक्षा जोरात.
मी समजावलं की या दोन गोष्टींचा संबंध नाही, फक्त माझी तपासणी पूर्ण व्हायची आहे. म्हणाली, “मापं घे बाई तू. तोवर दुकान बंद होतं.”

१२ जानेवारी
पान पाठवलं. दोष दोन ओळी, बाकी गुण. तनयचा लगेच फोन. अंगावर काटा आला म्हणाला. एका व्यक्तीला आजच वाचून दाखवणार आहे. कोण ते मी विचारलं नाही. बहुधा त्याची आई. लक्षण चांगलं आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
तनयचा तिळगुळाचा मेसेज. आला ग्रुपवर, पण मी ऑनलाइन असतानाच आला.
ठरलं. शनिवारी सिनेमा संपला की बोलायचं. वाक्य तयार आहे. आरशासमोर तपासलं. पास.

१७ जानेवारी, शनिवार
हॉलच्या दारात तनयबरोबर एक मुलगी होती. त्याने ओळख करून दिली. “ही मृण्मयी. दोन वर्षं विचार करत होती. तुझं पान वाचून दाखवलं आणि हो म्हणाली.”
सिनेमाला यायला का, असं मी विचारलं.
“अगं, मला.”
मृण्मयीने माझा हात हातात घेतला. आवाज फाटतो तिथलं वाचून ती रडली म्हणे. ते लिहिलेलं तनयने तिला पाठही म्हणून दाखवलं होतं. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं.
मी म्हटलं, “पुढे स्पीकर जवळ पडतात. मागे बसा.”
दोघं मागे बसले. सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला. आवाज फाटला तिथे हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. सर्दीचे दिवस आहेत.

१८ जानेवारी
पान दुरुस्त केलं. पिवळा रेनकोट परत दोषांत. फाटलेला आवाजही. नायिका बोलत नाही, हा मुद्दा मात्र काढून टाकला. तो दोष म्हणता येणार नाही.
आईला सांगितलं, देवळ्याला होकार कळव. ती मेथी निवडत होती. म्हणाली, त्यांचं गुरुवारीच निफाडला जमलं. आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.
“तुझी तपासणी चालू होती ना,” म्हणाली, आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.
संध्याकाळी तनयचा फोन. साखरपुड्यात मृण्मयी गाणार आहे, माईक कसा लावायचा विचारत होता. सांगितलं. तोंडापासून वीतभर लांब ठेवायचा. म्हणजे आवाज फाटत नाही.