दाराने नाकारलेले नाव

प्रिय नीना,

हे पत्र मी मराठीतच लिहिते आहे, कारण तू गोष्ट मराठीत लिहिलीस. सोळाव्या वर्षी, लीड्समध्ये, शनिवारच्या वर्गात शिकलेल्या भाषेत तेवीस पाने लिहिणे ही साधी गोष्ट नाही. अडेल तिथे आईला विचार. अर्थात काही मजकूर तिलाही नवा असेल.

आमच्या मराठी मंडळाच्या युवा कथास्पर्धेला तू गुपचूप गोष्ट पाठवलीस आणि बक्षीस मिळाल्यावर मला फोन करणार होतीस, असे तुझ्या आईने, मालविकाने, परवा सांगितले. परीक्षकांची नावे जाहीर केलेली नव्हती. आम्ही तिघे होतो: पुरुषोत्तम, मीनाक्षी आणि अध्यक्षस्थानी मी. एजवेअरला मीनाक्षीच्या बैठकीच्या खोलीत, चहा आणि खारी घेत, आम्ही अकरा गोष्टी तपासल्या. तुझी सातवी होती. वर स्पष्ट लिहिले होते: नीना फ्रान्सिस, लीड्स. नियमाप्रमाणे मी त्याच क्षणी नाते सांगून खोलीबाहेर जायला हवे होते. ट्रायब्युनलवर न्यायाधीश म्हणून बावीस वर्षे मी हितसंबंध लपवणाऱ्यांना सौम्य शब्दांत सोलून काढले. त्या दुपारी मी फक्त चष्मा पुसला.

तुझी गोष्ट मी नंतर तीन वेळा वाचली. डेला नावाची काळी मुलगी, आणि ती जादूची शाळा, जिच्या दारापाशी आईच्या आईचे नाव उच्चारल्याशिवाय दार उघडत नाही. ज्यांच्या आज्यांची नावे पितळी पाट्यांवर कोरलेली आहेत, त्या मुलींना ती जादू आहे हेही कळत नाही. त्यांना वाटते, दारे उघडतातच. डेला आजीने सांगितलेले नाव उच्चारते आणि दार ढिम्म हलत नाही. शाळा निष्कर्ष काढते की या मुलीत जादू नाही. तो निष्कर्ष कुठे चुकतो, हे तू एकाही वाक्यात सांगितले नाहीस आणि तरीही दाखवलेस. युक्तिवाद असाच करावा.

आमच्या खोलीत मात्र तो कोणी ऐकला नाही. पुरुषोत्तम पाने चाळत म्हणाले, “काळ्या मुलीच जादू करायला लागल्या, तर पऱ्यांनी काय भांडी घासायची?” आणि स्वतःच हसले. त्यांच्या नातीच्या वाढदिवसाला ते सावळ्या कृष्णाच्या रूपावर दहा मिनिटे बोलले होते. मीनाक्षीचा प्रश्न अधिक जुना होता. ती म्हणाली, “फ्रान्सिस आडनाव, आणि मराठी? आई कुठली असेल हो हिची? आपल्यातली तर नसणार.” मग माझ्या बशीत आणखी एक खारी ठेवत तिने पुस्ती जोडली, “तुम्हाला कळेल, कल्याणीताई. धानोरकर म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच.”

पहिले बक्षीस अपूर्व नावाच्या मुलाला दिले. त्याच्या गोष्टीत एका राजकन्येला काळी होण्याचा शाप मिळतो आणि शेवटी दुधाने न्हाऊन ती गोरी होते. “भाषा किती शुद्ध आहे,” असे दोघेही म्हणाले. मी बशीतली खारी बाजूला सारली. खारीच्या तुपाचा तो वास अजून नाकात आहे.

पण त्यांची किळस वाटली म्हणून मी सुटत नाही. तुझ्या गोष्टीला बाद ठरवणारा ठराव मी लिहिला. तीन वाक्ये आहेत. स्पर्धा मराठी जीवनावरील कथांसाठी आहे. या कथेत मराठी जीवन नाही. म्हणून कथा अपात्र. अनुमानात दोष नाही. दुसरे विधान खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते. पुरुषोत्तमांनी ठरावाच्या नेमकेपणाचे कौतुक केले, आणि मी आभार मानले.

मंडळात मी आजवर एवढेच सांगत आले आहे की माझी मुलगी लीड्सला डॉक्टर आहे. पुढे कोणी विचारलेच, तर हवापाण्यावर बोलते. तू दर उन्हाळ्यात येतेस, तेव्हा आपण केंब्रिजला जातो, नदीवर जातो, संग्रहालयात जातो. गणपतीला मी तुला कधीच बोलावले नाही. तुझ्या बाबांकडून तुला मिळालेल्या काळ्या वर्णाची मला लाज वाटते, असे तुला वाटले असेल. तसे नव्हते, असे लिहायला मला आवडले असते. होते. मात्र ती लाज तुझ्यापासून सुरू झालेली नव्हती. तुझ्यामागोमाग आडनावांची चौकशी सुरू झाली असती, आणि ती चौकशी माझ्यापर्यंत आली असती.

मार्चमध्ये तू फोनवर विचारलेस, “आजी, तुझा शाळेतला नाव काय होता?” मी म्हटले, हेच, कल्याणी धानोरकर. “नक्की ना?” तू पुन्हा विचारलेस, आणि मी हो म्हटले. तुझ्या गोष्टीतली डेला शेवटी आजीच्या दाराशी बसून राहते आणि गोष्ट तिथेच थांबते. मीनाक्षी म्हणाली, शेवट जमलेला नाही. मला तो तेव्हाच कळला होता.

१९७८ साली, इथे येऊन चार महिने झाले असताना, मी एका वकिलाच्या कचेरीत डीड पोलवर सही केली आणि नाव बदलले. धानोरा हे आमचे गाव. त्याच्या मागे ‘कर’ लावला की पुढचे लोक आपापल्या सोयीने समजून घेतात. तुझे आजोबा तेच समजून गेले. माझे वडील सडकेच्या कामावर मुकादम होते. त्यांनी घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसवून मला पाटीवर पहिला शब्द लिहायला लावला, तो म्हणजे माझे स्वतःचे नाव. ते वारले, तेव्हा तार धानोरकरांच्या पत्त्यावर आली. मी कोणाला दाखवली नाही.

ठराव मी आज लेखी मागे घेतला आहे, नाते आणि कारण दोन्ही नोंदवून. शनिवारी बक्षीस समारंभात तो मागे घेतल्याचे मी उभी राहून वाचणार आहे. मंडळाने बोलू दिले नाही, तर बसल्या जागेवरून वाचेन. तू यावेस अशी अपेक्षा मी करत नाही. तो हक्क मी त्या खोलीत गमावला. पण डेला अजून दाराशी बसली आहे, आणि तिला दिलेले नाव खोटे होते. खरे नाव खाली आहे. सत्तेचाळीस वर्षांनी लिहिते आहे. तुझ्या शेवटासाठी ते घे.

तुझीच आजी,
द्रौपदी कडूबा साळवे