गळ्यावरचा लेप

ताई,

माझी गिरजा गेल्याचा निरोप यवतमाळच्या दवाखान्यातून आला, त्या दिवशी सगळ्यांत आधी तूच धावून आलीस. ते मी विसरलो नाही. दहाव्याला दौलत न्हाव्यानं उलटा वस्तरा फिरवला, केस कातडीत वळले आणि गळाभर पुळ्या उठल्या. तू रोज गरम फडक्यानं शेकलंस, कडुलिंबाचा पाला हळदीत वाटून लावलास. मला वाटलं, भावाचं दुखणं बहिणीला पाहवत नाही.

आज सकाळी दौलत पुन्हा दाढी करायला आला. मी म्हटलं, पुळ्या बसेपर्यंत वस्तरा नको. तो हसून म्हणाला, "असं कसं भाऊ, पांढरकवड्याचे पाहुणे येऊन राह्यले ना आज. पोरीच्या बापाले असा गळा दाखवता का?"

गावाला माहीत, न्हाव्याला माहीत, फक्त मला नाही. बाजारात न्यायच्या आधी बैलाची गोचिडं काढतात, तसं केलंस तू माझं. मला एका शब्दानं विचारायचं तरी होतंस.

पाहुण्यांना चहा पाज आणि मला विचारलंच नव्हतं हे खरं सांगून परत पाठव. वाटीतला लेप फेकून दे. दाढी मी केलेली नाही.

मी घाटंजीला गिरजाच्या माहेरी चाललो आहे. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून मीच जाऊन सांगायचं ठरलं होतं. आधी पुळ्या बसू दे, मग जा, असं तूच म्हणालीस. लेक गेल्याचं त्या म्हातारीला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुंडलिक