कॉम्रेड विहीणबाई

४ डिसेंबर
सर्वणला दादाकडे. त्याच्या कपाटातून रशियन शिकायचं जुनं पुस्तक आणलं. कधीकाळी त्याच्या खाणीवर रशियन इंजिनियर येणार अशी आवई उठली, तेव्हा त्याने घेतलेलं. इंजिनियर आले नाहीत, पुस्तक राहिलं. दादा हसत सुटला. "ह्या वयात कशाक गे तुका ह्यां?" म्हटलं, सून रशियन, विहीण रशियन. फोनवर विहीण दिसली की मी, बत्तीस वर्षं पोरांना शिकवलेली बाई, नुसती मान हलवते. लाज वाटते.

७ डिसें.
धडा १. आई नाही, बाप नाही. ट्रॅक्टर! धडा २, कारखाना. संदेश म्हणतो, आई, मोबाईलला विचार, तो सांगतो भाषांतर करून. मोबाईल माझ्या नावाने तिकडे काय सांगतो ते मला कसं कळणार?

१५ डिसें.
पाववाला पोदेर आला होता, सूनबाई आन्या पाव घेत होती. जनेलातून हाक मारली, "तवारिश्च आन्या!" पुस्तकात सगळे एकमेकांना तेच म्हणतात, कॉम्रेड. ती पोट धरून हसली. (पाचवा चालू, म्हटलं सांभाळून गे.) "आई, असं माझे आजोबा बोलायचे." आता कोणी म्हणत नाही म्हणे. मग रस्त्यात अनोळखी बाईला काय म्हणता? विचार करून म्हणाली, "बाई. नाहीतर मुलगी." साठीच्या बाईलाही? "कधी कधी." अरे देवा! जुना शब्द टाकला आणि त्याच्या जागी धड काही आणलंच नाही. आमच्या पार्सेत मावशी, वहिनी, काकी, बाय, पाहिजे ते घ्या.

२ जाने.
धडा ५. कामगाराला चहा हवा आहे. कामगाराला चहा नको आहे. कामगार घरी जातो. घरी = दमोय. दिवसभर तोंडात तेच, भाकरी थापतानासुद्धा.

९ जाने.
विहीणबाईंचा फोन. संदेश नेहमीसारखा मधे बसून. त्या तीनदा "दमोय" म्हणाल्या. मी ऐकलं! संदेश मला म्हणाला, "काय नाही, तब्येत विचारते." मग माझ्याकडे बोट करून त्यांना काहीतरी म्हणाला, त्यातलं "मामा नि खोचेत" स्वच्छ कळलं. आईला नको आहे. चहा नको तसं. पण मला काय नको?

१० जाने.
संदेश मोरजीला हॉटेलवर कामाला गेल्यावर आन्याला विचारलं. रडली. तिला बाळंतपणाला आईकडे जायचं आहे. संदेशने सांगितलं, माझी आई सोडणार नाही, आमच्यात चालत नाही.
आमच्यात चालत नाही? पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यातच तर आहे! मी स्वतः इब्रामपूरला आईकडे जाऊन बाळंत झाले, ह्याच दिवट्याच्या वेळी.

११ जाने.
संदेशला फैलावर घेतलं. म्हणाला, "गेली की परत येणार नाही, आई. तुला कळत नाही."
कळतं. मलाही तीच धास्ती आहे. म्हणून माझ्या नावावर खपवायचं?

१२–२० जाने.
वाक्य जुळवते आहे. बाळंतपण हा शब्द आख्ख्या पुस्तकात नाही. शिष्टमंडळ आहे. तार करणे आहे. विहीणबाई म्हणजे काय, ते तर सोडूनच द्या. आन्याला विचारणार नाही. माझं मी बोलेन.

२५ जाने.
आन्याला सातवा लागला. डोहाळजेवणाची फुलं माळली. शेजारणी जमल्या, अबोलीचा वळेसर, हिरवा चुडा. बिचारी गोरीपान लाल होऊन बसली होती. तेवढ्यात फोन लागला. मी संदेशच्या हातातून घेतला आणि म्हटलं: तवारिश्च गालिना. आन्या दमोय. पेर्वी रेब्योनक ऊ मामी. कॉम्रेड गालिना, आन्या घरी. पहिलं मूल आईकडे.
त्या बघतच राहिल्या. कापडगिरणीत जन्म गेला बाईंचा. डोळे पुसले, ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "स्पसीबा, तवारिश्च." स्पसीबा म्हणजे आभारी आहे.
संदेश उठून बाहेर गेला.

११ फेब्रु.
मोपा विमानतळ. आन्याबरोबर ओटीचा नारळ दिला. तिकडे बर्फात नारळ, असो. पुस्तकात शिष्टमंडळाला निरोप देतानाचं वाक्य आहे, पुन्हा या, आम्ही वाट पाहू. पाठ केलं होतं. निम्मंच म्हणता आलं. संदेश तिची बॅग सोडेना.

१२, १३ फेब्रु.
संदेश बोलत नाही. जेवतो, उठतो. मागे काजू पडायला लागलेत, वेचायला कोण नाही.

१४ फेब्रु.
सकाळी फोन वाजला. संदेशचा नाही, माझा. विहीणबाई! सावकाश बोलल्या, पहिलीच्या पोराशी बोलावं तसं. आन्या बरी आहे. सूप खाल्लं. झोपली आहे. मी, बरं बरं. थंडी आहे का? आहे. ट्रॅक्टरसुद्धा आठवला, पण आवरलं.
फोन ठेवला तर संदेश दारात. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलला. "विचारलंस? परत कधी येणार?"
नाही विचारलं. शब्द सगळे येत होते.